सावलीतली लिरिओपी : इंदूरच्या अंगणासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगरच्या आमच्या घराला एक आंबा आहे, एक कडुनिंब आहे आणि उत्तरेच्या बाजूला पाच फुटांची बोळ. म्हणजे गुलाब, शेवंती, मोगरा सगळ्यांना रामराम. तिथे बरीच वर्षं पट्ट्यासारख्या लांब पानांची लिरिओपी नांदते आहे. फाटकातून आत येणारा आधी विचारतो, "हे कुठलं गवत?" आणि जाताना एक ठोंब मागतो. ठोंब देताना तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

हे गवत आहे का?

दिसतं गवतासारखं, कूळ मात्र शतावरीचं. मूळची चीन, जपान, तैवानकडच्या रानांतली, मोठ्या झाडांच्या बुडाशी वाढणारी. एका गड्ड्यातून फूट-सव्वा फूट लांब, करंगळीएवढी रुंद पानं कारंज्यासारखी बाहेर झुकतात आणि बारा महिने तशीच राहतात. नाव ग्रीक कथांमधल्या एका जलदेवतेचं आहे. पाण्यात स्वतःचं रूप बघत बसलेला आणि त्यातच संपलेला नार्सिसस, त्याची ही आई. आमच्याकडची लिरिओपीसुद्धा बहुधा पाण्यापायीच जाते, ते पुढे येईलच.

नर्सरीत काय म्हणून मागायचं?

"बॉर्डरची घास" म्हटलंत तर तीन वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात येतील आणि तिन्हींना भैया लिरिओपीच म्हणेल. ओळखायची अशी.

मोंडो, म्हणजे ओफिओपोगॉन, हिची चुलत बहीण. तिची नेहमीची जात सुतळीसारख्या बारीक पानांची, बुटकी. फुलं पानांच्या आत लपलेली, मान खाली घातलेली, बी निळं. लिरिओपीची फुलांची काडी ताठ, पानांच्या बरोबरीने किंवा वर आलेली आणि बी काळं चकचकीत. फुलं नसतील तर पानाची रुंदी बघा. मोंडोही सावलीत उत्तम चालते, वाईट काही नाही. तिच्या कुळातली एक जात हिमालयात आणि आपल्या सह्याद्रीतही आपली आपण उगवते.

तिसरी स्पायडर प्लांट. पान मऊ, दुमडलं की कटकन मोडणारं, आणि लांब दांड्यांना लोंबणारी पिल्लं. ही सफेद मुसळीच्या वंशातली. टांगत्या कुंडीत छान दिसते, पण जमिनीत, मे महिन्यात, कुत्र्याच्या पायाखाली टिकायची तिची ताकद नाही.

मी स्वतः एकदा चाळीस रोपं लिरिओपी म्हणून आणली आणि दोन पावसाळे जांभळ्या फुलांची वाट बघितली. मग एका डिसेंबरात पानं बाजूला सारली तर आत निळे मणी. तेव्हापासून फूल किंवा बी बघितल्याशिवाय मी पैसे काढत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात नर्सरीत गेलं की हा प्रश्नच उरत नाही.

सावली म्हणजे किती सावली?

सगळ्यांत जास्त गफलत इथे होते, कारण सावली एक नसते. माझ्या एवढ्याशा अंगणातच तीन आहेत.

कडुनिंबाखालची सावली जाळीदार. तिथे लिरिओपी सर्वांत खूश असते, फुलंही तिथलीच जास्त. फक्त फेब्रुवारी-मार्चात निंब पानं गाळतो आणि नवी पालवी दाट होईपर्यंत काही आठवडे खाली चांगलंच ऊन उतरतं. तेव्हा नेमकं आपलं पाणी हिवाळ्याच्या हिशेबाने चाललेलं असतं. पानं फिकी पडली तर झाडाला दोष देऊ नका, वर बघा.

आंब्याखालची सावली जाड, बारमाही. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगते.

तिसरी भिंतीची. बागकामाच्या परदेशी सल्ल्यात उत्तरेची भिंत म्हणजे कायम सावली असं गृहीत धरलेलं असतं. त्यांच्याकडे ते खरं आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला पडतं, म्हणून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच सरकलेला असतो. आणि एप्रिलपासूनच तो ईशान्येच्या अंगाने उगवतो, वायव्येकडे मावळतो. त्यामुळे माझ्या उत्तरेच्या बोळीत मे महिन्यात संध्याकाळी चार वाजल्यानंतर असं तिरकं ऊन घुसतं की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पहिल्या वर्षी त्या टोकाची सहा रोपं पार कागदासारखी झाली. आता तिथे मार्चअखेरीला हिरवी जाळी अडकवते, पाऊस लागला की काढते.

तुमच्या जागेची परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला जमिनीपासून हातभर वर पंजा धरा. कडा पुसट अशी सावली पडली किंवा काहीच पडली नाही तर लावा. बोटं स्वच्छ मोजता आली तर जाळी लागेल. सकाळचं दोन-तीन तास ऊन मात्र हिला चालतं, किंबहुना हवंच असतं.

आमच्या आंब्याखाली काहीच जगत नाही. हे जगेल?

जगेल, पण आंब्याशी तह करावा लागतो. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं अगदी वरच्या थरात पसरलेली असतात. तिथे कुदळ घालून चर खणलात तर आंबाही रुसतो, आणि भुसभुशीत केलेल्या मातीत तीच मुळं सहा महिन्यांत परत येऊन तुमच्या रोपाचं पाणी पितात. म्हणून खणायचं नाही. मुळांच्या मधल्या जागेत खुरप्याने ओंजळभर खड्डा करायचा आणि लहान रोप, तीन-चार फुटव्यांचं, बसवायचं. खोडापासून तीन-चार फूट सोडूनच. खोडाला मातीचा ढीग लावू नका, साल कुजते.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली टपटपतो. मार्चमध्ये आंब्याखालची लिरिओपी हाताला गुळाच्या पाकासारखी चिकट लागते, मग त्यावर काळी काजळी चढते. बघून धसका बसतो. रोग तिचा नसतो, वरून आलेला असतो. सकाळी झारीने नाहीतर पाइपाने पानं धुवायची, दोन-तीन आठवडे, एक दिवसाआड. शेजारच्या काकूंनी घाबरून सगळी पानं कापून टाकली आणि ऐन एप्रिलात नवी कोवळी पानं उन्हाच्या तोंडी दिली. तसं करू नका.

आंब्याखाली फुलं थोडीच येतील, हेही आधीच मान्य करून टाका. तिथे पानांसाठी लावायची.

आमची माती काळी आहे. चालेल ना?

इंदुरात कुणाची माती काळी नाही? माळव्याची काळी माती गहू-सोयाबीनला सोनं असेल, पण या झाडाला तिच्यात एकच धोका आहे आणि तो जुलै-ऑगस्टात येतो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सोडत नाही. आपला वर्षाचा पाऊस ९०० ते १००० मिलीमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लिरिओपीचा गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग, त्या चिखलात बुडून राहिला की कुजतो.

मी हे साठ रोपं लावून, त्यांतली बहुतेक घालवून शिकले. पहिल्या पावसाच्या उत्साहात, जुलैच्या पहिल्या रविवारी, माळीबाबांना हाताशी धरून बोळीच्या कडेने सगळी रांग लावली. जमीन मऊ होती, काम भराभर झालं. रोपं पडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या गळ्याशी माती चांगली दाबली, आणि मी बाजूला उभी राहून "हां, और दबाओ" म्हणत होते. सप्टेंबरात मधली पानं पिवळी पडली. एक पान ओढलं तर अख्खा गुच्छ हातात आला, खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास नासलेल्या बटाट्याचा. साठांतली अकरा उरली. ती कुठली? जिथे जमिनीला जरा उंचवटा होता तिथली.

आता मी खड्डा करत नाही, उंचवटा करते. विटांची एक आडवी रांग आणि आत सहा ते आठ इंच उंच वाफा. भरायला दोन घमेली काळी माती, दोन घमेली पालापाचोळ्याचं मुरलेलं खत, एक घमेलं मुरूम किंवा बारीक खडी. नुसती वाळू मिसळायचा सल्ला पुष्कळ लोक देतात. काळ्या मातीत थोडीशी वाळू घातली तर काही होत नाही आणि फरक पडेल इतकी घालायची म्हटलं तर ट्रॉली मागवावी लागते. खत घाला.

लावताना रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच. शंका आली तर अर्धा इंच वरच ठेवा. मुळं दिसली तर झाकता येतात, बुडालेला गळा वाचवता येत नाही.

लावायची योग्य वेळ कोणती?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पितृपक्ष ते दिवाळी असं लक्षात ठेवा. जमिनीत ओल असते, पाऊस संपत आलेला असतो आणि उन्हाळ्याआधी मुळांना पाच-सहा महिने मिळतात. दुसरी वेळ फेब्रुवारी, पण मग पहिल्या मे महिन्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. जुलै नको. का, ते वर सांगितलंच.

किती अंतरावर, किती रोपं लागतील?

कडेची रांग असेल तर फुटाला एक. जमीन झाकायची असेल तर नऊ-दहा इंचांवर आडवी-तिरपी मांडणी, म्हणजे चौरस मीटरला साधारण सोळा. पहिलं वर्ष विरळ दिसतं, घरातले नावं ठेवतात. तिसऱ्या वर्षी माती दिसत नाही.

पाणी किती द्यायचं?

पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड. मुरलेल्या ठोंबाला मे महिन्यातही सावलीत तीन-चार दिवसांनी पुरतं, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. हिच्या मुळांना शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी असतात, त्यांत ती स्वतःचा साठा करते. पावसाळ्यात अजिबात नाही, आणि माळीबाबांना तसं स्पष्ट सांगून ठेवा, कारण त्यांना पगार पाणी घालण्याचा मिळतो अशी त्यांची समजूत असते. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओलं लागलं तर पाइप गुंडाळून ठेवायचा.

पानांची टोकं तपकिरी होतात. काय कमी पडतंय?

बहुतेक वेळा कमी काही पडत नाही, जास्त झालेलं असतं. बोरिंगच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठतात आणि पानांच्या टोकाशी जाळतात. कुंडीत हे लवकर दिसतं. जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी झाडांना ओतायला जीव होत नाही, हे खरं; म्हणून मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि पावसाळ्यात पिंपात साठवलेलं पाणी कुंड्यांना राखून ठेवते. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे क्षार धुतले जातात.

टोकाखाली लालसर तपकिरी पट्टा दिसत असेल आणि तो पावसाळ्यात वाढत असेल तर ती बुरशी. अशी पानं कापून कचऱ्याच्या गाडीत द्या, खताच्या ढिगात नको, आणि वरून पाणी मारणं थांबवा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर तिसरीच भानगड. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. तिथे पुन्हा खतच कामी येतं.

खत कोणतं?

पालापाचोळ्याचं. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात ठोंबाला दोन-दोन ओंजळी, गळा सोडून कडेने. सोबत मूठभर निंबोळी पेंड. युरिया घातलात तर पानं लुसलुशीत होऊन आडवी पडतात आणि किडीला आमंत्रण मिळतं.

इथे जरा विषयांतर. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदुरात वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओलावा राखून, तीन वेळा उलथापालथ करून तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथे बसवली. १९३१ साली त्यांनी ती छापून जगापुढे मांडली तेव्हा सहलेखक होते यशवंत वाड. जगभरात त्या रीतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आणि आमच्या गल्लीत अजून दर रविवारी सकाळी कुणीतरी आंब्याची पानं गोळा करून काडी लावतंच. आंब्याचं पान जाड असल्यामुळे कुजायला वेळ घेतं. पायाखाली चुरून, शेणाच्या पाण्यात भिजवून ढिगात घातलं की लवकर मुरतं.

पट्टेदार पानांची लावली होती, हिरवी का झाली?

दोन कारणं. सावली फार दाट असेल तर पिवळे पट्टे फिके पडतात. त्यांना जरा उजेडाची कडा द्या. किंवा ठोंबातून पूर्ण हिरवा फुटवा निघाला असेल. तो जास्त जोरदार असतो आणि पट्टेदारांना मागे टाकतो. दिसला की मुळासकट काढून वेगळा लावा.

फुलं कधी येतात? ती काळी फळं खातात का?

गणपतीच्या आसपास. हातभर काडीवर जांभळे मणी ओवल्यासारखे, आणि मुंग्या हमखास. गौरींच्या पुढच्या फुलदाणीत आठवडाभर टिकतात. हिवाळ्यात काळे मणी दिसतात ते फळ नसून मांसल आवरण असलेलं बी असतं. खायचं नाही. पेरायचं असेल तर वरचा गर चोळून धुऊन ताजंच पेरा. गर राहिला तर रुजत नाही. मात्र पट्टेदार आईची लेकरं पट्टेदार निघतीलच असं नाही, आणि एवढी वाट बघण्यापेक्षा ठोंब फोडणं सोपं.

ठोंब कसा फोडायचा?

तीन-चार वर्षांनी, ऑक्टोबरात. आदल्या दिवशी पाणी द्या. कडेने कुदळीने मोकळा करून अख्खा गड्डा वर काढा, माती झटका, लागलं तर बादलीत बुचकळा. मुळांची गुंतवळ सुटली की फुटवे वेगळे दिसायला लागतात. हाताने सुटतात तेवढे हातानेच सोडवा; जे अडकले असतील तिथे जुनी करवतीच्या दात्यांची ब्रेड-सुरी सर्वांत उत्तम चालते, घरात विचारून घ्या. प्रत्येक भागाला तीन फुटवे आणि थोड्या गाठी हव्यात. एकेकटा फुटवा जगतो, पण वर्षभर रुसून बसतो. पानं अर्धी कापून लावली तर रोप लवकर सावरतं.

पसरून बाग गिळेल का?

मस्करी नावाची जात ठोंबाने वाढते, जागा सोडत नाही. स्पिकाटा नावाची जमिनीखालून धुमारे सोडत पळते. उतारावर माती धरायला ती चांगली. वाफ्यात मात्र मोगऱ्याच्या बुडाशी निघेल.

छाटणी लागते का?

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जुनी पानं फाटकी झाली असतील तरच, जमिनीपासून तीन इंच ठेवून. मध्ये नवी टोकं दिसायला लागली असतील तर थांबा. ती कापली गेली तर वर्षभर बोथट टोकांची पानं बघत बसावं लागतं.

गोगलगाई पानं खातात.

पावसाळ्यात खातात. रात्री वाफ्याशेजारी ओलं गोणपाट टाकायचं, सकाळी उलटायचं, खाली मंडळी जमलेली असतात. मिठाच्या पाण्याची बादली तयार ठेवा. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड पानांच्या बगलेत दिसली तर साबणाचं पाणी, नाहीतर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी. कडुनिंबाचंच आणखी एक : जून-जुलैत निंबोळ्या पडतात आणि पानांच्या आड शेकडो रोपं उगवतात. बोटभर असतानाच उपटा, नंतर ठोंबासकट येतात.

सोबत आणखी काय लावता येईल?

मागे अॅस्पिडिस्ट्रा, मध्ये नेफ्रोलेपिस फर्न, पावसाळ्यापुरते कॅलेडियम. स्पायडर लिलीही सावली सोसते आणि फूल देखणं, पण तिचा कंद विषारी; रांगतं मूल असेल तर लांब. होस्टाचे फोटो दाखवून "हे आणू का" असं विचारणाऱ्यांना मी नाहीच म्हणते. तिला लांब कडाक्याची थंडी लागते, आपली पंधरा दिवसांची थंडी तिच्या खिजगणतीत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं देता येतील का?

प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा कितीतरी बरं. दिवाळीआधी ठोंब फोडून तीन-तीन फुटवे लहान कुंड्यांत लावा, संक्रांतीपर्यंत मूळ धरतं. एका जुन्या ठोंबातून आठ-दहा निघतात, म्हणजे चाळीस जणींना पाच ठोंब पुरे. फक्त कुंडीला खाली भोक आहे ना ते बघा. मागच्या वर्षी मी हौसेने कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपांत लावून दिली होती, आणि होळीला तीन जणी कप परत घेऊन आल्या. आत तोच नासलेल्या बटाट्याचा वास.